‘सांगली’ टाकलं की भलतंच का येतं?

प्रश्न : एम.ए. भूगोलाच्या लघुप्रबंधासाठी कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी हा विषय घेतला आहे. गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधण्याचं गूगलचं साधन) सांगली, कृष्णा, सॉल्ट असे शब्द टाकले की हजारो निकाल येतात, कामाचे मात्र दहाही नसतात. जे बरे दिसतात ते पैसे मागतात. – एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : स्कॉलर लेखाच्या शीर्षकाबरोबर आतला मजकूरही चाळतो. सांगलीतल्या प्राध्यापकांनी रसायनशास्त्रावर लिहिलेला लेख तुमच्यापुढे येतो, कारण नावाखालचा पत्ता सांगलीचा असतो. ‘कृष्णा’चं तर विचारूच नका, त्या नावाच्या लेखकांची रांग लागते. म्हणून ‘कृष्णा रिव्हर’, ‘कृष्णा बेसिन’ असे जोडशब्द रोमन लिपीत, दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. गावाचं नाव शीर्षकातच हवं असेल तर ‘इनटायटल’, लगेच कोलन आणि जागा न सोडता नाव. हजारो निकालांचा आकडा पाहून घाबरू नका. स्कॉलर पहिल्या १००० च्या पुढे दाखवतच नाही.

खरी मेहनत शब्दांची. आपण सरसकट ‘क्षारपड’ म्हणतो, मृदाशास्त्रज्ञ ‘सॉल्ट-अफेक्टेड सॉइल्स’ म्हणतात आणि त्यातही ‘सलाइन’ वेगळी, ‘सोडिक’ वेगळी. पहिलीत विरघळणारे क्षार साठतात. दुसरीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतं आणि पाणी मुरेनासं होतं. दोन्हींवर लिहिणारे आणि उपाय वेगळे, म्हणून दोन्ही शब्द शोधा. जोडीला ‘वॉटरलॉगिंग’ (जमिनीत पाणी साचणं), ‘सबसरफेस ड्रेनेज’ (जमिनीखालून निचरा) आणि काळ्या जमिनीसाठी ‘व्हर्टिसॉल्स’. पर्यायी शब्दांमध्ये ‘ओआर’ लिहा, पण कॅपिटल अक्षरांतच. वाळव्याचं स्पेलिंग डब्ल्यू आणि व्ही, दोन्ही घालून पाहा; शेजारचं शिरोळही सोडू नका. जुनं काही हवं असेल तर ‘साउथ सातारा’ शोधा. १९४९ साली झालेल्या या जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं.

एक चांगला लेख हाती लागला की शोधपेटी बाजूला ठेवा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि निकालाखालच्या ‘साइटेड बाय’वरून, म्हणजे त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांवरून, पुढे या. नवखे विद्यार्थी नेमकं हेच करत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर आधी निकालाखालचं ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा. लेखकाने फुकट ठेवलेली प्रत तिथे असू शकते. नसेल तर ग्रंथपालांकडून ‘एन-लिस्ट’चं, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या सेवेचं, लॉगिन मागा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही शोधनियतकालिकं वाचायला देणारी केंद्राची योजना सरकारी संस्थांसाठी आहे. आपलं महाविद्यालय तीत येतं का, हेही त्यांनाच विचारा. शेवटी लेखकाला दोन ओळींचा ईमेल. आपलं काम कुणी मागतंय म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

प्रश्न : शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) मराठी शब्द टाकून इतिहासाचे प्रबंध सापडत नाहीत. – एक वाचक, कराड

उत्तर : जुने मराठी प्रबंध अनेकदा नुसते स्कॅन केलेले असतात, नाहीतर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला ती अक्षरं कळत नाहीत. शीर्षकही काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमनमध्ये नोंदवलेलं असतं. त्यामुळे शोधण्यापेक्षा चाळा : विद्यापीठ, मग विभाग, मग शीर्षकांची यादी. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ बहुधा वेगळी असते. पहिल्यांदा संदर्भसूचीची उतरवा.