एकच जेवण, तरी बहिणीचं वजन मांड्यांवर आणि माझं पोटावर का?

तुम्ही विचारलंय की दोघी बहिणी एकाच घरात एकच जेवण जेवता, तरी तिची चरबी मांड्यांवर आणि तुमची पोटावर, मग तुमचं चुकतंय काय? माझ्या मते काहीच चुकत नाहीये. मी २२ वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. माझ्या मापाच्या वहीत अशा कितीतरी बहिणी आहेत. छाती दोघींची ३६, पण एकीची सीट, म्हणजे नितंबांचं माप, ४२ तर दुसरीची ३८. सख्ख्या बहिणींची जनुकंही सरासरी निम्मीच जुळतात, आणि चरबी कुठे साठणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

बांध्याचाही भाग असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांत जेमतेम चार बोटं अंतर असलं की दोन किलो वाढले तरी पोट पुढे दिसतं. लांब धडाच्या बाईचे तेच दोन किलो लपून जातात.

बाकी काम हार्मोन्सचं. पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन चरबी मांड्या-नितंबांकडे वळवतं. तिथल्या चरबीपेशी साठा सहजी सोडत नाहीत. ती बाळंतपणाची बेगमी आहे, अंगावर पाजताना ती वापरली जाते. म्हणून मांड्या उतरत नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलींना मी सांगते, जीव जाळू नका, त्या चरबीपासून धोका कमी.

पाळी जायला लागली की इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठू लागते. माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक ताई आहेत. तिशीत त्यांची कंबर २९, सीट ३९. आज पन्नाशीत सीट ४०, कंबर ३६. शिवणीत ठेवलेली माया दोनदा उसवून झाली. त्यांना वाटायचं, आपण आळशी झालो. फार वाईट वाटायचं मला. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड, असलेल्या तरुण मुलींतही पोट वाढताना दिसतं. तिथे अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन वाढलेलं असतं आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

आणि बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२! आपली हाडं बारीक, स्नायू कमी, चरबी जास्त.

तेव्हा वजनकाट्याआधी टेप घ्या. आम्ही शिवायला कंबर सर्वांत बारीक जागी मोजतो, तसं नको. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. माप त्याच्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बहिणीचंही माप घ्या, तिच्या मांड्यांकडे बघून तिचं पोट राहून जायला नको.