आधी पोस्टर

अरे,

तुझ्या गाण्याच्या व्हिडिओसाठी, यूट्यूबवर बाहेरून दिसतं त्या छोट्या चित्राचे पाच नमुने, म्हणजे पाच थंबनेल पाठवलीस आणि विचारलंस, "ताई, यातलं कुठलं लावू?" एकही लावू नकोस. तिसरं तर चांगलं जमलंय, तरीही. ती पाच वेगवेगळ्या गाण्यांची थंबनेल आहेत आणि त्यातलं एकही तुझ्या व्हिडिओचं नाही.

व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहिला, मग आवाजासकट. उरणच्या मिठागरातली सकाळ, राखाडी आभाळ, पांढऱ्या राशी, फळीनं मीठ ओढणारी बाई आणि तिचं विटकरी लुगडं. एवढंच आहे आणि पुरेसं आहे. आगरी गाण्यासाठी हळदीचा मांडव सोडून कॅमेरा मिठागरात नेलास, याचं कौतुक एकदाच लिहिते. आता बाकीचं बघ. थंबनेलमध्ये आभाळ निळंशार, नाव सोनेरी, वर चमचम. गाण्याच्या अ‍ॅपवर दिसतं त्या कव्हरवर होडीचं चित्र. व्हिडिओत होडी कुठे आहे रे? रीलवर अ‍ॅपमधला तयार फॉन्ट. आणि पेणच्या नाक्यावर लावायच्या फ्लेक्सवर तुम्हा चौघांचे गॉगल घातलेले फोटो. ज्यानं फ्लेक्स पाहिला त्याला थंबनेल ओळखता येणार नाही, आणि थंबनेल पाहून जो आत येईल त्याला वाटेल चुकून दुसरंच गाणं लागलं.

हे का झालं ते सांगते. पोस्टर शेवटी केलंस म्हणून झालं. पोस्टर आधी करायचं असतं. शूटिंगच्या आधी, लोकेशन पक्कं होण्याच्याही आधी. गाणं ऐकून झालं की पहिली वस्तू पोस्टर. मग त्या पोस्टरला धरून लोकेशन, कपडे, दिवसाची वेळ, सगळं.

"पण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे," असं तू लिहिलंयस. ते मला शिकवू नकोस. थंबनेल आडवं, १२८० बाय ७२०. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३०००. रील उभं, १०८० बाय १९२०. स्पॉटिफायवर गाण्यामागे फिरणारी ती उभी चित्रफीत ३ ते ८ सेकंदांची. माप वेगळं असलं म्हणून गाणं वेगळं होत नाही. उलट मापं इतकी वेगळी आहेत म्हणूनच निर्णय आधी हवा. हिशेब कर: आडव्या फुल एचडी फ्रेममधून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापलास तर १९२० पिक्सेल रुंदीतले जेमतेम ६०७ उरतात, एक तृतीयांशाहूनही कमी. तुझी बाई डावीकडे, रास उजवीकडे. उभ्या रीलमध्ये एक तर बाई राहील नाही तर रास. चौकोनात दोघंही अर्धी. पोस्टर आधी काढलं असतंस, कागदावर एकाच चित्राभोवती आडवी, चौकोनी आणि उभी अशा तीन चौकटी आखल्या असत्यास, तर कॅमेरा लावतानाच तुझ्या डीओपीला, म्हणजे कॅमेरामनला, कळलं असतं की बाई राशीच्या पुढ्यात हवी आणि डोक्यावर नाव बसेल एवढं आभाळ मोकळं हवं.

आता नाव ठेवायला जागा नाही म्हणून तू ते तिच्या छातीवर लिहिलंस. उजव्या खालच्या कोपऱ्यात गायकांची नावं घातलीस, जिथे यूट्यूब स्वतःची वेळेची पट्टी बसवतं. सांगायला हवं होतं का हे?

व्हिडिओतून फ्रेम काढून पोस्टर होत नाही, हेही एकदा समजून घे. सेकंदाला २५ फ्रेम असल्या की शटर साधारण १/५० सेकंद उघडं ठेवतात. त्यात फळी ओढणारा हात थोडा फरपटलेलाच येतो. हलत्या चित्रात ते गोड दिसतं, थांबवलं की घाण दिसतं. शिवाय फुल एचडीची फ्रेम म्हणजे जेमतेम वीस लाख पिक्सेल. हातात धरायच्या छापील कागदावर, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ती साडेसहा इंचसुद्धा भरत नाही. लांबून दिसणाऱ्या फ्लेक्सला चालेल, पण फ्लेक्ससाठी तू वेगळेच फोटो घेतलेस! स्टिल वेगळे काढायचे असतात, त्याच दिवशी, त्याच उजेडात, त्याच लुगड्यात, आणि फोनवर नव्हे. फोन आपल्या मनानं आभाळ निळं करतो. रॉमध्ये, म्हणजे रंगांवर काही न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढ आणि व्हिडिओचं ग्रेडिंग, म्हणजे रंग बसवणं, झालं की ते करणाऱ्या त्याच कलरिस्टकडे दे. त्यानं मिठाच्या सावलीला जी किंचित राखी छटा दिलीय तीच पोस्टरवर दिसली पाहिजे.

रंगाचं इथे बोलूनच टाकते. तुझ्याकडे पांढरा, राखाडी आणि विटकरी आहेत. चौथा आणू नकोस. डेट्रॉइटचा द व्हाइट स्ट्राइप्स हा दोघांचा बँड १९९७ मध्ये उभा राहिला. लाल, पांढरा, काळा या तीन रंगांवर त्यांनी सगळी कारकीर्द काढली: कपडे, वाद्यं, कव्हरं, व्हिडिओ. दिग्दर्शक बदलले, एक व्हिडिओ तर अख्खा लेगोच्या ठोकळ्यांचा झाला, तरी लांबून ओळखू यायचा. तुला तीन रंग जन्मभर सांभाळायला मी सांगत नाही. एका गाण्यापुरते सांभाळ.

फ्लेक्सवाला तुला म्हणेल, रिकामं रिकामं दिसतंय, मागे काहीतरी टाकू. टाकू देऊ नकोस. पांढरा रंग तो छापतच नाही, फ्लेक्सचा मूळ पांढराच तिथे दिसतो. शाई न लागता तुझं मीठ उजळ दिसणार आहे, नाक्यावरच्या वाढदिवसांच्या गर्दीत तेवढीच एक मोकळी जागा असेल. विटकरी मात्र आधी छोटा तुकडा छापून बघ, स्क्रीनवरचा तजेला शाईत उतरत नाही.

तुझं दुसरं म्हणणं, "आमच्या प्रेक्षकाला चमक लागते." हळदीच्या गाण्यांच्या थंबनेलना मी नाक मुरडत नाही. तिथला पिवळा मांडवातला आहे, आत व्हिडिओतही तोच आहे. त्यांचं बाहेरचं आणि आतलं एकच आहे. तू त्यांची सोनेरी अक्षरं उचललीस, पण ती ज्या मांडवातून येतात तो मांडव तुझ्या गाण्यात नाही. प्रेक्षकाला चमक लागते की ओळख, हे तू ठरवून बघितलंयस का? ज्याची आजी आगरात राबली तो माणूस पांढऱ्या राशीपाशी थांबेल की नाही?

आणि आतलं-बाहेरचं एक ठेवणं हे काही नव्या काळाचं खूळ नाही. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रपटातल्या पात्रांची, वेशभूषेची रेखाटनं ते आधी करत आणि पुढे पोस्टरंही स्वतः रंगवत. म्हणजे ज्या हातानं पात्राचा पोशाख ठरवला त्याच हातानं भिंतीवरचं चित्र काढलं. तिथेच तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ मध्ये इतरांच्या साथीनं प्रभात काढली, तिची तुतारी फुंकणारी बाई अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या लोकांकडे ब्रँडिंगवाला नव्हता. काम वाटून दिलेलं नव्हतं, म्हणून ते फुटलं नाही. तुझ्याकडे कव्हर एकाकडे, थंबनेल दुसऱ्याकडे, फ्लेक्स फ्लेक्सवाल्याकडे. माणसं कितीही असू देत, पण सगळ्यांच्या भिंतीवर पोस्टर एकच लटकलेलं हवं. आणि ते आधी.

अक्षरांवर मी जास्त बोलते असं सगळे म्हणतात. बोलणारच. कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत, छोट्याशा काळ्या-पांढऱ्या जागेत यायची. फोटो नसला तरी नाटकाचा स्वभाव अक्षरातून कळायचा. तुझ्या गाण्याचं नाव एकदा हातानं काढ किंवा काढून घे, आणि तेच सगळीकडे लाव: व्हिडिओच्या सुरुवातीला, कव्हरवर, फ्लेक्सवर. फॉन्ट बदलायचा नाही. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात, तेव्हा दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढवू नकोस. थंबनेल अंगठ्याएवढं दिसतं, त्यात तो सगळा चिखल होतो. तुझ्या टीझरमध्ये अक्षरं एकेक करून उडत येतात, त्यात जोडाक्षर फुटलंय आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलीय. एकानंही पाहिलं नाही? शब्द अख्खा आण. किंवा ऐक, तुझ्या पहिल्याच शॉटमध्ये क्षितिजाची सरळ रेघ आहे, मिठागर सपाट असल्यामुळे ती फार सुंदर आलीय. तीच शिरोरेघ कर. अक्षरं तिच्याखाली लटकू देत. हे तुला फुकट देतेय, कारण मला स्वतःला ते करायला मिळणार नाही.

तुला कुणीतरी सांगितलंच असेल की मी हट्टी आहे. एका संगीत कंपनीत माझं चांगलं बस्तान होतं. पोस्टर मंजूर झाल्याशिवाय शूट लावू नका, एवढंच माझं म्हणणं असायचं. त्यांना तारीख आधी हवी, गायकाची तारीख मिळाली की निघायचं. एका गाण्याला तर शूट संपल्यावर गायकाच्या घरच्या समारंभातला फोटो कव्हरवर आला. मी सही केली नाही. पुढे फोन येणं कमी झालं, मग थांबलं. एका कॅमेरामनशी माझी जुनी मैत्री होती, तीही या वादात गेली, आणि ती गेली याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. पण त्या कव्हरवर सही न केल्याचं वाटत नाही. तो म्हणायचा, लोक गाणं ऐकतात, कव्हर कोण बघतं? ज्यांना गाणं अजून ऐकायचंय ते काय बघतात मग? त्यांच्यापाशी दुसरं आहे काय? मला हे तेव्हा पैशाच्या भाषेत सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पेन्सिलीनं काढलेलं पोस्टर फुकट असतं आणि पुन्हा लावलेला शूटचा दिवस फुकट नसतो, एवढं निर्मात्याला कळतं. तू तसं सांग. माझ्यासारखं तत्त्व म्हणून सांगू नकोस, लोक चिडतात.

जाऊ दे. तुझ्या गाण्याचं बघू. शूट झालंय, ते परत होणार नाही. पण पाऊस यायला अजून अवकाश आहे, राशी उभ्या आहेत. एक सकाळ पुन्हा जा, व्हिडिओतल्याच वेळेला, फक्त स्टिलसाठी. त्याच बाईंना ने, तेच लुगडं. जाण्याआधी त्यांना नीट विचार, नाक्यावर त्यांचा फोटो लागणार आहे म्हणून. त्या नको म्हणाल्या तर पाठमोऱ्या घे, फळी आणि रास पुरे. चौघांचे गॉगल घरी ठेवा. कव्हरवर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, किंमत असलं काही घालू नकोस, गाणं अ‍ॅपवर पोचवणारे वितरक ते परत पाठवतात आणि तुझी तारीख हुकते.

निघण्याआधी पोस्टर काढ. हो, आताही आधी. एका कागदावर तिन्ही चौकटी, पेन्सिलीनं, रंग नको, कॉम्प्युटर नको. तुला चित्र येत नाही हे मला माहीत आहे, काड्यांची माणसं चालतील. नाव कुठे आणि आभाळ किती एवढं दिसलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत त्या कागदाचा फोटो काढून पाठव. ते आल्याशिवाय नवीन थंबनेल पाठवलंस तर मी उघडणार नाही. आणि त्या फ्लेक्सवाल्याला अजून पैसे दिले नसशील तर थांब.

ताई