कोकण किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये परतणारे शिकारी पक्षी मोजायचे असतील, तर कुठे आणि कसं बसावं?

तुम्ही विचारलंय की परदेशात वसंत ऋतूत गरुड-ससाण्यांची मोजणी होते तशी कोकणात करता येईल का, आणि एकट्या माणसाला ती जमेल का. जमेल. देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मी सात वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं बोलू. इस्राएलमधल्या ऐलातला किंवा मेक्सिकोतल्या वेराक्रूझला आकाश भरून पक्षी जातात, तसं इथे दिसणार नाही. गरुडासारखे रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर चढतात आणि मग पंख न हलवता लांबवर तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा मिळत नाही, म्हणून ते पाणी टाळतात आणि जमिनीच्या चिंचोळ्या वाटेत गोळा होतात. आपल्याकडे एका बाजूला समुद्र असला तरी घाटावर सगळी दख्खन मोकळी पडलेली आहे. पक्षी विखरून जातात. तासाला दोन-तीन वाटसरू, म्हणजे स्थलांतर करणारे पक्षी, दिसले तर ती सकाळ चांगली समजा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. परतणारे पक्षी मोजायच्या आधी गावचे पक्षी ओळखा. पहिल्या वर्षी मी सड्याच्या टोकावर बसून दिसेल ती घार वहीत मांडत होतो. शेजारच्या हापूसच्या बागेचे राखणदार अण्णा दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही घार हयचीच आसा, रोज येता." तिच्या डाव्या पंखातलं एक पीस तुटलेलं होतं, ते त्यांनी बोट करून दाखवलं. मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं की मी ती एकच घार दिवसातून चार-चारदा मोजली होती. ते सगळं पान मी रद्द केलं. तेव्हापासून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा फक्त रहिवाशांसाठी ठेवतो: बंदरावरच्या ब्राह्मणी घारी किती, समुद्री गरुडाची जोडी कुठल्या झाडावर बसते, शिक्रा कुठून कुठे जातो. हे एकदा डोक्यात बसलं की वाटसरू आपोआप वेगळा दिसतो. तो घिरट्या घालेल, पण गिरकी संपली की उत्तरेलाच सरकेल आणि परत येणार नाही.

जागा म्हणाल तर उंच, उघडा कातळसडा, जिथून समुद्र आणि सह्याद्रीची रेघ दोन्ही दिसतील. तोंड दक्षिणेकडे करून बसा. पक्षी तिकडून येणार, आणि सूर्यही थेट डोळ्यांत येत नाही. वेळ सकाळी आठ ते बारा. भल्या पहाटे मतलई वारे असतात आणि कातळ थंड असतो, तेव्हा मोठे पक्षी फारसे उठत नाहीत. साडेनऊ-दहाला कातळ तापला की हालचाल सुरू होते. मग खारा वारा भरला की गरम हवेचे ते खांब आत, घाटाच्या दिशेला सरकतात आणि पक्षीही त्यांच्यामागे जातात. कड्यावर आपटून वर चढणाऱ्या त्या वाऱ्यावर मग स्थानिक घारी नुसत्या लटकून राहतात. त्यांना मोजायचं नाही.

भाजावळीच्या (शेतात पालापाचोळा जाळायच्या) आणि वणव्याच्या दिवशी मोजणी बंद ठेवा, किंवा वहीत ठळक नोंद करा. गवत पेटलं की नाकतोडे उडतात आणि पंचक्रोशीतल्या घारी धुरावर जमतात. तो थवा स्थलांतराचा नसतो.

या किनाऱ्यावर मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते भोवत्या, म्हणजे इंग्रजीतले हॅरियर. हिवाळाभर ते सड्यावरच्या वाळक्या गवतात, जमिनीवरच रात्र काढतात आणि मार्चपासून मध्य आशियातल्या गवताळ मैदानांकडे निघतात. लांब पंख मारत जातात, म्हणून गरम हवेसाठी अडून राहत नाहीत. मागच्या मार्चमध्ये एक मादी माझ्यापासून पंधरा पावलांवरून गेली. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरलेले, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि घुबडासारखा गोल चेहरा खाली गवताकडे वळलेला. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि तशीच खाडी ओलांडून उत्तरेला गेली. त्या दिवशी वहीत एवढीच एक नोंद आहे. पांढुरका भोवत्या की माँटेग्यूचा, हे मादीत ठरवणं अवघड असतं. खात्री नसेल तर नुसतं "भोवत्या" लिहा. चुकीच्या नावापेक्षा अपुरं नाव कधीही चांगलं. याशिवाय खाडीवरचा दलदली भोवत्या, मासे पकडणारा कैकर, खरूची हा छोटा ससाणा आणि एखादा बहिरी ससाणा भेटतील.

वाटसरू घारींचा थवा गोल फिरत वर चढत असेल तेव्हा मोजायच्या फंदात पडू नका, हमखास चुकता. माथ्यावर पोचले की पक्षी पंख आखडून एकामागून एक सुटतात, तेव्हा मोजा. निरभ्र आकाशात काळा ठिपका सापडतच नाही, म्हणून पांढऱ्या ढगाच्या कडेवरून दुर्बीण हळूहळू फिरवा.

वहीत तास, वारा आणि ढग रोज लिहा, आणि एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिल्यामुळे माझी दुसऱ्या वर्षाची वही तुलनेला निरुपयोगी ठरली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४ पासून अशी मोजणी चालू आहे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात टकल्या गरुडांची पिल्लं घटल्याचं तिथल्या वह्यांवरून दिसलं, कारण जागा तीच होती आणि प्रौढ-पिल्लं वेगळी मांडलेली होती. तुम्हीही वय कळलं तर लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एका जागेची स्थिर गणना म्हणून यादी टाका.

एप्रिल सरत आला तरी वही मिटू नका. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांना उपग्रह-यंत्रं बसवली होती, नागा, वोखा आणि पांगती. अशा पक्ष्यांमुळे कळलं की आफ्रिकेतून परतताना ते सोमालियाकडून थेट अरबी समुद्र ओलांडून भारतात येतात. घारीपेक्षा लहान, लाल पायांचा हा पक्षी एवढं पाणी कापून येतो. म्हणून एप्रिलअखेर ते मे, बागा काढून होईपर्यंत, मी संध्याकाळी तासभर समुद्राकडे तोंड करून बसतो. अजून तरी त्या रकान्यात शून्यच आहेत. यंदाही बसणार आहे.

देवगडकडे आलात तर कळवा, सड्यावर माझ्याकडे एक जास्तीची खुर्ची असते.