वाचकांचे प्रश्न : लहानग्यांचा फुटबॉल

प्रश्न : सोसायटीच्या मैदानावर रविवारी पाच-सहा वर्षांच्या बारा मुलांना फुटबॉल शिकवतो. रांग लावून एकेकाला किक मारायला सांगितलं की निम्मी मुलं मातीत खेळत बसतात. मॅच लावली तर सगळी चेंडूमागे झुंडीनं पळतात, पास कुणीच देत नाही.

उत्तर : रांग आधी मोडा. एका किकला चेंडू आणण्यासकट अर्धा मिनिट धरलं, तरी पुन्हा नंबर लागायला सहा मिनिटं जातात. या वयात इतका वेळ कोण उभं राहील?

प्रत्येकाला स्वतःचा चेंडू हवाच, आणि तो ३ नंबरचा. मोठ्यांचा ५ नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो; तो ढकलायला मुलं बोटांच्या टोकानं मारतात आणि तीच सवय लागते. हवा थोडी कमी ठेवा. मुरमाच्या मैदानावर टणक चेंडू पायात थांबतच नाही.

पंधरा पावलांचा चौकोन आखा आणि सगळ्यांना त्यात चेंडू घेऊन फिरू द्या. ‘थांब’ म्हटलं की तळवा चेंडूवर, टाच खाली, पंजा वर. चेंडूवर अंगाचा भार टाकणारं मूल मागे आपटतं, म्हणून हे आधी चालत करून घ्या. मग एकमेकांचे चेंडू उडवायचा खेळ लावा. ज्याचा चेंडू गेला त्याला बाद करू नका, कारण सरावाची सर्वांत जास्त गरज असलेलंच मूल पहिलं बाहेर बसतं. चेंडूला पाच वेळा तळवा लावून त्यानं परत यावं.

झुंडीची काळजी नको. या वयाला चेंडू ‘माझा’च असतो, त्यामुळे ‘पास दे’ ओरडून घसा बसेल, बाकी काही नाही. दोन छोटी मैदानं करून तीन विरुद्ध तीन खेळवा, गोलकीपर न ठेवता. दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल ठेवले की मुलं मोकळी बाजू आपसूक शोधू लागतात. चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाका. सगळं मिळून पाऊण तास पुरे, मध्ये दोनदा पाणी.

प्रश्न : हेडिंग (चेंडू डोक्यानं मारणं) कधी शिकवावं?

उत्तर : आत्ता अजिबात नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची मनाई जाहीर केली. उंच चेंडू आला तर तो खाली पडू द्यावा आणि मगच पायानं घ्यावा, असा नियम मैदानावर ठेवा.