रेझिन सुकत नाही, आळतं : फायबरच्या बोटींविषयी वाचकांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात उतरल्या आणि नेहमीप्रमाणे प्रश्न यायला लागले. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : फायबर (म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना धरणारं रेझिन) नीट जमलं की नाही, हे कसं ओळखायचं? पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. त्या बोटीत माणसं बसणार आहेत.

पर्यटकांना फिरवायला २२ फुटी फायबरची स्पीडबोट बांधून घेतली. जुलैत साच्यातून निघाली. महिना उलटला, तरी आत वाकलं की रेझिनचा उग्र वास येतो, तळाच्या आतल्या बाजूला हात चिकटतो आणि एका जागी तर नख उमटतं. कारखानदार म्हणतात, ‘उन्हात ठेवा, सुकेल.’ सुकेल का? (मालवण)

‘सुकेल’ या शब्दानेच आपल्याकडे बरंच नुकसान केलं आहे. रंग सुकतो, कारण त्यातला थिनर उडून जातो. पॉलिस्टर रेझिनचं तसं नाही. त्यात साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरिन असतं आणि ते उडून जायचं नसतं, रेझिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून घ्यायचं असतं. ही बांधणी हार्डनर सुरू करतो आणि कोबाल्टमुळे ती भट्टीशिवाय, नेहमीच्या तापमानाला होते. दुधाला विरजण लावावं तसं आहे हे. विरजण कमी पडलं की दही पातळ राहतं. फरक एवढाच की दह्याला उद्या पुन्हा विरजण लावता येतं, रेझिनला नाही. महिन्यानंतरही येणारा उग्र वास म्हणजे बांधलं न गेलेलं स्टायरिन.

तुमच्या तीन लक्षणांपैकी चिकटपणा एकटा असता तर मी घाबरलो नसतो. हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थराची बांधणी अडवतो, म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळलेलं रेझिन लावतात. मेण तरंगून वर येतं आणि हवा अडवतं. ते लावलं नसेल तर वरचा पापुद्रा चिकट राहतो, पण खालचा थर टणक असू शकतो. ८० नंबरचा पॉलिश पेपर घासून बघा. कोरडी, पांढरी भुकटी निघाली तर खालचं ठीक आहे. पेपर चोंदला, गोळे निघाले तर नाही. घासलेल्या जागी ॲसिटोनचा बोळा काही सेकंद चोळा आणि उडून जाऊ द्या. जागा पुन्हा चिकट किंवा मऊ झाली तर रेझिन अर्धवट राहिलं आहे.

नख उमटतं ती जागा मात्र अशा घरगुती चाचण्यांवर सोडू नका. बार्कोल नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. त्याची सुई पृष्ठभागावर दाबली की कडकपणाचा आकडा मिळतो. एका जागी किमान दहा वेळा मोजून सरासरी काढा. चांगल्या जमलेल्या पॉलिस्टरचा आकडा ४० च्या आसपास येतो. ३५ च्या खालची बोट मी स्वीकारत नाही.

एकाच पट्ट्यात मऊपणा असेल तर मला बादलीचा संशय येतो. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के लागतो. ५ किलोच्या बादलीत दीड टक्का म्हणजे ७५ ग्रॅम, सुमारे ६५ ते ७० मिलिलिटर. मी काम शिकलो त्या कारखान्यात तो बाटलीच्या झाकणाने मोजत. घाईच्या एका दुपारी माझ्याच हातून एका बादलीत झाकण पडलं नाही. वरच्या थराच्या गरमीने पृष्ठभाग कडक झाला, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तीन आठवड्यांनी त्या जागी ड्रिल घातलं तेव्हा आतून मऊ, दमट भुसा निघाला. हातभर लांबीचा तो तुकडा आम्ही करवतीने कापून काढला. तेव्हापासून माझ्या कामावर वजनकाटा असतो आणि प्रत्येक बादलीची वेळ व वजन वहीत लिहिलेलं असतं.

आता उन्हाचं. कारखानदारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हार्डनर योग्य पडला असेल आणि केवळ हवामानामुळे बांधणी मागे राहिली असेल, तर उष्णतेने ती पुढे सरकते. त्यासाठी ४० अंशांवर सलग १६ तास हा मान्य हिशेब आहे. पण श्रावणातल्या ऊन-सावलीत तो होणार नाही. ताडपत्रीचा तंबू करा, आत हवा खेळती ठेवा, विजेच्या हीटरने तापमान धरा आणि थर्मामीटर तळाला चिकटवा. मग पुन्हा बार्कोल. आकडा ३५ च्या वर गेला तर ठीक. हलला नाही तर ती जागा ग्राइंडरने टणक थर लागेपर्यंत उतरवून नव्याने मॅट (काचेच्या तंतूंची चटई) घालावी लागेल. वरून हार्डनर पुसून आतला थर जमत नाही, कुणी सुचवलं तरी करू नका. आणि हे होईपर्यंत त्या बोटीत एकही प्रवासी घेऊ नका. लाटेवर आपटणाऱ्या बोटीचा सगळा मार तळ खातो.

मासेमारी बंद असते तेव्हाच बोट वर असते. पावसाळ्यात फायबरचं काम करू नये म्हणतात, मग करायचं कधी? (देवगड)

कोकणातल्या प्रत्येक नाखव्याची हीच अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोट झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारलेली, हाताशी वेळ आहे आणि हवेत मात्र ९० टक्के दमटपणा. काचेच्या मॅटवर ओल बसली की रेझिन काचेला नीट धरत नाही आणि जमण्याची क्रियाही बिघडते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की मी मॅट उघडत नाही.

पण उपाय आहे आणि तो महागही नाही. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो. तळाचं तापमान त्यापेक्षा किमान ३ अंश वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. हीच हवा बंदिस्त मांडवात ३३ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेत ते मावतं. २४ तास आधीपासून मांडव गरम ठेवा, मॅटचे गठ्ठेही आतच ठेवा. तापवायला गॅसची शेगडी किंवा कोळसा वापरू नका. ज्वलनातून पाण्याची वाफ निघते, शिवाय साधारण ३१ अंशांपासून पुढे स्टायरिनची वाफ ठिणगीने पेटू शकते. मॅट घालायच्या आधी हीटर बंद करायचा.

माझा सल्ला विचाराल तर तळाचं मोठं काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, त्यासाठी पंधरा दिवसांची मासळी सोडावी लागली तरी. पावसात इंजिन, लाकूडकाम, वायरिंग करा.

मी शारजात बोटींच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. इथे उन्हाळ्यात रेझिन बादलीतच धुमसतं. घाई म्हणून कीलजवळ (तळाच्या मधल्या कण्याजवळ) आठ थर एकदम घातले, तर तिथे फायबर पिवळं पडून वाकलं. हार्डनर आणखी कमी करू का?

एक टक्क्याच्या खाली जाऊ नका. तुम्ही आळण्याचा वेळ विकत घ्याल आणि त्याची किंमत बोट देईल, ती कायमची अर्धवट राहील. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. तेव्हा लहान बादल्या करा, रेझिनचे पिंप रात्री गार जागी ठेवा, काम पहाटे सुरू करा आणि पुरवठादाराकडून उन्हाळ्यासाठीचं, उशिरा आळणारं रेझिन मागवा.

आठ थरांचं दुखणं वेगळं आहे. जमताना रेझिन स्वतःच उष्णता सोडतं. पातळ थरातून ती निघून जाते, जाड थरात कोंडते. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिलिमीटर जाड होतो. एका वेळी ३ ते ४ मिलिमीटरच घाला, तो आळून गार झाला की पुढचे. पण फार थांबूही नका. एक-दोन दिवसांच्या आत पुढचा थर पडला तर दोन्ही थर रसायनाने एकमेकांत बांधले जातात. त्यानंतर तो जोड फक्त चिकटवल्यासारखा राहतो, म्हणून आधी जाड पेपरने घासणं आलंच. पिवळा पडलेला भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर थर सुटले आहेत, काढून टाका.

धुमसणारी बादली लगेच मोकळ्या जागेत, माणसांपासून दूर न्या आणि शक्य असेल तर रेझिन पत्र्यावर पसरून ओता. शिवाय तुमच्या माणसांना रोज सांगा : कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही थेट भेटले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा सक्तीचा. कापडी मास्क स्टायरिनची वाफ अडवत नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क द्या. या दोन वस्तूंसाठी मालकाशी भांडावं लागलं तर भांडा.

बोट वर्षभर मांडवीतच नांगरलेली असते. तळाला रुपयाएवढे फोड आले आहेत. एक फोडला तर आंबट वासाचं चिकट पाणी निघालं. (पणजी)

याला ऑस्मोसिस म्हणतात. जेलकोट, म्हणजे बोटीचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर, पाणी पूर्ण अडवत नाही, अगदी हळू आत सोडतो. आत न जमलेल्या रेझिनचे अंश, मॅटचा बांधक (तंतू एकत्र धरणारं चिकट द्रव्य) किंवा हवेचे बुडबुडे असले की पाणी तिथे साठतं, रसायनं त्यात विरघळतात आणि तो घट्ट द्रव आणखी पाणी ओढून फुगतो. आंबट वास बहुधा त्यातल्या ॲसिटिक आम्लाचा. गोड्या पाण्यात हे खाऱ्यापेक्षा लवकर होतं आणि पावसाळ्यात मांडवी बरीच गोडी होते.

थोडे, विखुरलेले फोड आले म्हणून बोट बुडत नाही. तळ भरून आले असतील तर जेलकोट उतरवा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, ओलावा मोजण्याच्या यंत्राचा आकडा स्थिर होईपर्यंत वाळवा (यात महिने जातात) आणि मग इपॉक्सीचे थर द्या. ओल्या तळावर इपॉक्सी मारणारे भेटतील. त्यांच्याकडून काम करून घेऊ नका, ओल आत कोंडेल. नवी बोट बांधून घेताना जेलकोटमागचा पहिला थर व्हिनिल एस्टर रेझिनचा आणि बाकीचं आयसोफ्थॅलिक पॉलिस्टरचं मागा. स्वस्तातलं ऑर्थो (ऑर्थोफ्थॅलिक) रेझिन कायम पाण्यात राहणाऱ्या तळाला पुरत नाही.

जुन्या सागवानी होडीवर फायबर चढवलं तर ती आणखी दहा वर्षं जाईल का? (हर्णै)

लाकूड फुगतं-आकसतं, फायबर नाही. पॉलिस्टर तेलकट सागाला धड धरतही नाही. एक फट पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते, मग फायबरखाली लाकूड गुपचूप कुजतं. फळ्या बदला, कलपत करा (फळ्यांमधल्या फटी बुजवा). बर्फाच्या खणाला आतून अस्तर द्यायचं असेल तर कोरड्या लाकडावर इपॉक्सीने द्या.

नवी बोट घेतोय. एक कारखानदार सांगतो, ‘आमचं फायबर १२ मिलिमीटर जाड आहे, दुसऱ्यांचं ८.’ जाड तेच मजबूत ना? (अलिबाग)

जाडीने ताठपणा वाढतो हे खरं. पण ती जाडी काचेची की रेझिनची, हे विचारा. ताकद काचेत असते, रेझिन तिला जागेवर धरतं. हाताने घातलेल्या नुसत्या मॅटमध्ये वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास काच बसते, विणलेल्या रोव्हिंगमध्ये (काचेच्या जाड दोऱ्यांच्या कापडात) ४५ ते ५० टक्के. ब्रश सोडून बादलीच ओतणाऱ्या कारखान्यात १२ मिलिमीटर सहज होतात, आणि असा तळ लाटेवर आपटला की रेझिनमध्ये बारीक तडे जातात. काहीजण खर्च वाचवायला खडूची पूडही मिसळतात.

तपासायला सोपी जागा सांगतो. पाणी बाहेर टाकायच्या पाइपासाठी तळाला भोक पाडतात, तेव्हा गोल चकती निघते. ती मागून घ्या. कडेला थर मोजता येतात, पांढरे ठिपके दिसले तर ते हवेचे बुडबुडे. तिचा १० ग्रॅमचा तुकडा प्रयोगशाळेच्या भट्टीत ५६५ अंशांवर जाळला की रेझिन जातं, काच उरते. मॅट आणि रोव्हिंग आलटून पालटून असेल तर साडेतीन ते चार ग्रॅम काच उरायला हवी. दोनच ग्रॅम उरली तर तुम्ही रेझिनचे पैसे दिलेत. खडू जळत नाही, म्हणून उरलेल्यात पांढरी पूड आहे का तेही बघा.

ट्रान्समकडेही बघा, जिथे आउटबोर्ड इंजिन टांगतात. आत मरीन प्लाय असतो, त्यावर आयएस ७१० हा शिक्का हवा. इंजिनच्या बोल्टांची भोकं इपॉक्सीने सील केली आहेत का, हे बोल्ट काढून दाखवायला सांगा. तळाच्या आत स्ट्रिंगर (तळाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्या) जिथे बसतात तिथला कोपरा काटकोनी आहे की पुट्टी भरून गोलवलेला, हेही पाहा. काच काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते. खिशातल्या नाण्याने तो कोपरा नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) ट्रान्समपर्यंत ठोकत जा. आवाज जिथे बदलेल तिथे खडूने खूण करा आणि कारखानदारांना तीच जागा उघडून दाखवायला सांगा.