निकालाच्या आधी दाखल्याची तारीख बघा

मे-जूनमध्ये या सदराकडे येणारी निम्मी पत्रं "निकाल लागला, आता पुढं काय" अशीच असतात. त्यातली दिव्यांग मुलांच्या घरून आलेली पत्रं वाचताना मला दरवेळी वाटतं की हा प्रश्न नववीतच विचारायला हवा होता. उशीर झाला म्हणजे सगळं हातातून गेलं असं अजिबात नाही, पण धावपळ फार होते आणि त्या धावपळीत मुलाला काय हवंय हे विचारायचंच राहून जातं. यावेळी तीन पत्रं घेतलीयेत, नावं काढलीयेत, जिल्हे तेवढे ठेवलेत.

ताई नमस्कार, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावी कॉमर्स झाली. त्याला डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया (वाचायला-लिहायला अडचण) आहे, चौदाव्या वर्षी सर्टिफिकेट मिळालं. दहावीला बोर्डाकडून लेखनिक आणि जादा वेळ मिळाला म्हणून पास झाला. आता ज्युनियर कॉलेजात म्हणतात ते शाळेपुरतं होतं. त्याला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय, घरचे म्हणतात ज्याला धड वाचता येत नाही तो डिग्री काय करणार. — एक आई, सातारा जिल्हा

ताई, ते "शाळेपुरतं होतं" आधी डोक्यातून काढून टाका. डिस्लेक्सिया-डिसग्राफिया लर्निंग डिसॲबिलिटीत येतात, ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि तो कायदा दहावीनंतर लागू होत नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. बारावी पण बोर्डाचीच परीक्षा आहे, तुमचा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो, सवलतीचा प्रस्ताव कॉलेजनंच तिकडं पाठवायचा असतो. तोंडी बोलत बसू नका, प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, सोबत सर्टिफिकेट आणि दहावीच्या मंजुरीची झेरॉक्स जोडा, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच हातात असली की "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. हे कॉलेज सुरू झाल्या झाल्या करा, दिवाळीनंतर नको.

आता तारखेचं सांगते कारण इथंच बरीच मुलं अडकतात. केंद्र सरकारच्या २०१८च्या गाइडलाइन्सप्रमाणे (त्या २०२४ साली सुधारल्यात, म्हणून आत्ताचा नियम तपासणीच्या ठिकाणी विचारून घ्या) लर्निंग डिसॲबिलिटीची तपासणी चौदाव्या वर्षी परत करायची आणि अठराव्या वर्षी परत करायची, अठराव्या वर्षी मिळालेलं सर्टिफिकेट मग आयुष्यभर चालतं. म्हणजे तुमच्या मुलाची अठरा पूर्ण होण्याची तारीख आणि बारावीनंतरच्या ॲडमिशनचे फॉर्म साधारण एकाच सुमारास येणार. जिथं पहिली तपासणी झाली तिथं आत्ताच जाऊन नंबर कसा लागतो ते विचारून ठेवा, या टेस्ट एका दिवसात होत नाहीत, चार-पाच खेपा होऊ शकतात. आणि सोबत युडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचं बघा. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र युडीआयडीच्या पोर्टलवरूनच मिळतं, जुना कागद असेल तर तो घेऊन ऑनलाइन अर्ज करायचा. बोर्डाच्या सवलतीला जो कागद चालला तोच राखीव जागेला चालेल असं गृहीत धरू नका, ॲडमिशनच्या पुस्तिकेत नमुना दिलेला असतो तो बघूनच कागद काढा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा असतात आणि वयातही ५ वर्षांची सूट असते. लेखनिकासाठी मात्र ही ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२१ साली हेच सांगितलंय. ती केस लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या एका यूपीएससीच्या उमेदवाराची होती, म्हणजे तुमच्या मुलाच्या प्रश्नाच्या अगदी जवळची.

राहिलं घरच्यांचं. मी म्हणेन वाद घालू नका, सुट्टीत त्याला पंधरा दिवस ओळखीच्या केटररकडं किंवा खानावळीत कामाला पाठवा, सकाळी सहापासून. किचनमध्ये उभं राहणं, उष्णता, ओरडाआरडा, भांडी, हे सगळं त्याला झेपतंय का आणि मुख्य म्हणजे आवडतंय का ते त्याचं त्यालाच कळेल. तिथं वाचायचं कामही असतं हे त्याला आधी सांगा, ऑर्डरच्या चिठ्ठ्या असतात, दहा माणसांचं प्रमाण पन्नास माणसांना करायचं असतं. पण चिठ्ठी मोठ्यानं वाचून घेणं, फोनवर रेसिपी रेकॉर्ड करून ऐकणं, डब्यांना रंगीत पट्ट्या लावणं असे मार्ग निघतात. आवडलं तर डिग्री हा एकच रस्ता नाही, आयटीआयला फूड प्रोडक्शनचा ट्रेड आहे, तिथं हातानं करायचं काम जास्त असतं. डिग्री नंतरही करता येते.

नमस्कार. माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील आणि स्पेशल शाळेनं सांगितलंय की आता शाळा संपली. मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. ती हसरी आहे, स्वतःचं सगळं करते, घरात कांदे-लसूण निवडून देते. पण आता घरी बसवायचं का? आणि आमच्यानंतर काय, हा विचार आला की रात्रभर झोप लागत नाही. — एक वडील, नाशिक जिल्हा

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "आमच्यानंतर" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक आईवडिलांनी विचारलाय, आणि खरं सांगायचं तर तो एका उत्तरात मिटत नाही, पण त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यावर काहीतरी करता येतं.

कागदाचा तुकडा आधी घेऊ. मूल अठराचं झालं की कायद्यानं आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या काउंटरवर कळतं. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, डाउन सिंड्रोम बौद्धिक अक्षमतेत येतं. अर्ज करायचा स्थानिक स्तर समितीकडं. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कोर्टकचेरी लागत नाही. आई आणि वडील दोघांची नावं घाला, आणि पुढं कोण हे घरात आत्ताच बोलून ठेवा. भावाबहिणीवर गृहीत धरून टाकू नका, त्यांना समोर बसवून विचारा, त्यांच्या होकाराला मग अर्थ असतो. याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, त्यासाठी आधी मेडिकल तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. तुम्ही जुन्या पेन्शनमधले असाल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलीचं नाव तिच्या दिव्यांगत्वाच्या नोंदीसकट सेवापुस्तकात आहे का ते याच आठवड्यात ऑफिसात बघा. जे मूल स्वतः कमावू शकत नाही त्याला ते पंचविशीनंतरही मिळू शकतं, पण तुम्ही असताना नोंद झालेली असेल तर नंतर घरच्यांचे खूप हेलपाटे वाचतात.

आणि हो, मतदार यादीत तिचं नाव घाला. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अठराचं झालं म्हणजे काय हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ओळखपत्रावर स्वतःचा फोटो बघितला की ते तिला तुमच्या माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आता घरी बसवायचं का. नाही. घरी बसलेली मुलं शाळेत शिकलेलं वर्षभरात विसरायला लागतात, वजन वाढतं, चिडचिड वाढते, हे मी खूप घरांत बघितलंय. अठरानंतरच्या मुलांसाठी कार्यशाळा असतात, काही शाळांना जोडून, काही स्वतंत्र, तुमच्या शाळेलाच आधी विचारा. पुण्यात कामायनी आहे, मुंबईत ओम क्रिएशन्स आहे, तिथं मोठ्या मुलामुलींना काम शिकवतात, वस्तू बनवून विकतात. एकदा तिला घेऊन जाऊन बघून या, ॲडमिशनसाठी नाही, काय काय शक्य असतं ते डोळ्यांनी बघायला. पण कार्यशाळा निवडताना एक बघा, तिथं मुलांना कामात निवड आहे का. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांनी पणत्याच रंगवायच्या, फाइलीच चिकटवायच्या, कारण शिकवणाऱ्यांना तेच येतं. तुमची मुलगी कांदे-लसूण निवडते म्हणता, मग तिला स्वयंपाकघरात बरं वाटतंय का? की तिथं आई असते म्हणून ती तिथं असते? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्याचं उत्तर फक्त तीच देऊ शकते. तिला बोलून सांगता येत नसेल तर चार कामांचे फोटो समोर ठेवा आणि रोज एक उचलायला सांगा, महिनाभर वहीत लिहून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं असं करता करता रोपवाटिकेचा फोटो सोडून दुसरा कधी उचललाच नाही, आणि तोपर्यंत घरचे तिला शिवणकाम शिकवत होते.

एवढं झालं की रोजच्या गोष्टी. घरापासून दुकानापर्यंत एकटीनं जाणं, पन्नासची नोट देऊन सुटे परत घेणं, रस्ता चुकला तर कुणाला फोन दाखवायचा, नको असलेला स्पर्श झाला तर मोठ्यानं नाही म्हणणं. पहिले पंधरा दिवस तुम्ही सोबत चाला, मग दहा पावलं मागून, मग कोपऱ्यावर थांबा. तुमचा जीव खालीवर होईल, होऊ द्या. "आमच्यानंतर" ची खरी तयारी मला या कोपऱ्यावर थांबण्यातच दिसते.

मी बारावी आर्ट्सला आहे, कमी दृष्टी आहे, मोठी अक्षरं जवळ धरून वाचतो. मला कॉम्प्युटर शिकायचंय, प्रोग्रॅमिंग. बाबा म्हणतात डोळे आधीच असे, त्यात स्क्रीन, गपचूप बँकेच्या परीक्षा दे, आपल्याला रिझर्व्हेशन आहे. — एक विद्यार्थी, लातूर जिल्हा

स्वतः पत्र लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. बाबा चूक बोलतायत असं नाही, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत आणि त्यातला १ टक्का अंध आणि कमी दृष्टी असलेल्यांसाठी आहे, तो रस्ता कुठं पळून जात नाही, डिग्री झाल्यावरही उघडा आहे. स्क्रीनबद्दलची त्यांची काळजी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मिटवा, बाबांना सोबत घेऊन जा, म्हणजे त्यांनाही थेट ऐकायला मिळेल.

आर्ट्सनंतर बीसीए ही कॉम्प्युटरची डिग्री करता येते, सीईटी द्यावी लागते. फॉर्म भरतानाच दिव्यांगत्वाची नोंद कर आणि जादा वेळ माग, तासाला किमान २० मिनिटं असा नियम आहे, नंतर सांगितलं तर ऐकत नाहीत. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, सक्षम म्हणून स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५० हजार, दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, टेक्निकल डिग्री-डिप्लोमासाठी असते, तुझ्या कॉलेजला आणि कोर्सला लागू होते का ते ॲडमिशन घेतानाच विचार. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथं ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात.

पण हे सगळं होईपर्यंत थांबू नकोस. कुणाचा तरी कॉम्प्युटर मिळव आणि त्यावर एनव्हीडीए टाक, फुकट आहे, स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं, त्यामुळं डोळ्यांवरचा ताणही कमी होतो. सुरुवातीला तो आवाज फार भरभर वाटेल, वेग कमी करून घे आणि माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर आठवडाभर काम कर. मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घे, कारण एनव्हीडीए स्वतः बहुतेक पायथॉनमध्येच लिहिलेलं आहे. ते २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलं, नंतर जेम्स टेह त्यांच्यासोबत आले, आणि दोघंही अंध आहेत. एवढं एक बाबांना रात्री जेवताना सांग, आणि त्यांच्यासमोर ते चालू करून दाखव.