तीळ दाटले तर पाणी घाला

वाचकांच्या शंका : स्वयंपाकघर

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : कच्च्या भाज्यांवर घालायचे ताहिनीचे, म्हणजे तेल सुटेपर्यंत बारीक वाटलेल्या तिळाचे, व्हिगन (दूध, मध असे प्राणिजन्य काहीही नसलेले) ड्रेसिंग. मूळ प्रमाण आधीच देतो, म्हणजे पुढची उत्तरे नीट लागतील. ताहिनी ४ मोठे चमचे (सुमारे ६० ग्रॅम), लिंबाचा रस २ मोठे चमचे, लसणाची १ लहान पाकळी, मीठ अर्धा छोटा चमचा, पाणी ४ ते ५ मोठे चमचे. मोठा चमचा म्हणजे १५ मि.लि. एवढे चौघांच्या सॅलडला पुरते. वरून तेल घालायचे नाही. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मे तेलच असते, त्यामुळे ऑलिव्ह तेलाचा हट्ट इथे उगाचच.

ताहिनीची बाटली महाग पडते. संक्रांतीचे उरलेले तीळ वापरले तर चालतील का?
— एक वाचक, खानापूर

चालतील, पण पॉलिश केलेले पांढरे तीळ हवेत आणि ते खवट झालेले नकोत. चिमूटभर तीळ चावून पाहा. जिभेवर जुन्या तेलाची चव राहिली तर ते बाजूला ठेवा. सालीसकटचे गावठी तीळ लाडवाला चांगले, पण ताहिनीत सालीचा कडवटपणा उतरतो. बेळगावात रविवार पेठेत पॉलिशचे तीळ सुटे मिळतात.

१५० ग्रॅम तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटे हलवत राहा. रंग बदलू द्यायचा नाही. पहिले दोन-चार दाणे तडतडले की लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. कोमट झाले की चटणीच्या भांड्यात घाला. भांडे मोठे असेल तर एवढे तीळ पात्याखालून निसटून कडेला जाऊन बसतात.

आधी कोरडेच फिरवा. भुगा होतो, मग ओलसर होऊन कडेला चिकटतो. इथे बरेचजण थांबतात आणि ताहिनी खरबरीत राहते. कडा खरवडून २ मोठे चमचे तेल घाला (घाण्याचे तिळाचे किंवा वास नसलेले कुठलेही) आणि ३०-४० सेकंद फिरवून तेवढाच वेळ थांबा, असे करत राहा. थांबल्याशिवाय फिरवले तर मिक्सर तापून बंद पडतो. मग तळाशी असलेले लाल बटण दाबायला अर्धा तास थांबावे लागते. चमच्यावरून सलग धार पडू लागली की झाले. जड वाटली तर आणखी एक चमचा तेल घाला. पाणी मात्र या टप्प्यावर थेंबभरही नको. कोरड्या बरणीत भरून ही ताहिनी फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकते. वर तेल आले तर ढवळून घ्या, ओतून टाकू नका.

लिंबू पिळले आणि सगळ्याचा घट्ट गोळा झाला. मी ते टाकून दिले. काय चुकले?
— एक वाचक, टिळकवाडी

काहीच चुकले नव्हते, तुम्ही फक्त मध्येच थांबलात. ताहिनीत तिळाचे बारीक कण तेलात सुटे तरंगत असतात. थोडासा रस किंवा पाणी पडले की हे कण ते शोषून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. चमचा ओढायला जड जातो, मिश्रण फाटल्यासारखे दिसते. त्यावर उपाय तेल नाही. तेल घातले की गोळा आणखी तुपकट होतो. पाणीच घाला, एकेक मोठा चमचा, आणि दर वेळी ते पूर्ण मुरेपर्यंत फेटा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला गोळा अचानक सैल होतो, तपकिरी छटा जाऊन रंग साईसारखा पांढुरका होतो. हीच खूण. चमच्याच्या पाठीवर बोट ओढले की रेघ तशीच राहिली पाहिजे. ती लगेच भरून आली तर पाणी जास्त झाले. चमचाभर ताहिनी घालून सावरा.

लसूण आधी लिंबाच्या रसातच मिठाबरोबर ठेचून १० मिनिटे ठेवा. आंबटाने त्याचा उग्रपणा उतरतो. ठेचून तसाच घातला तर दुसऱ्या दिवशी डबा उघडताना शेजारच्यालाही कळते.

ड्रेसिंग कडू लागते. गूळ घालून सुधारेल का?
— एक वाचक, निपाणी

तीळ जास्त भाजले असतील किंवा सालीसकट असतील तर गुळाने कडवटपणा झाकतो, जात नाही. खवट असतील तर झाकतही नाही. बिया चिरडल्या गेलेले लिंबूही कडू लागते, तेव्हा रस गाळून घ्या. किंचित कडूपणा ताहिनीचाच असतो. तेवढ्यासाठी अर्धा छोटा चमचा काकवी पुरे. कोल्हापूरकडची असो की तुमच्या गावच्या गुऱ्हाळावरची, मधाची जागा ती उत्तम भरते.

घरी तिळाची चटणी असतेच. त्यात पाणी घालून भागेल का?
— एक वाचक, चिकोडी

नाही. चटणीतला तीळ जाडसर असतो, तेल सुटलेले नसते. पाण्यात तो तळाशी बसेल.

लिंबाऐवजी कोकमाचे आगळ चालेल का?
— एक वाचक, जांबोटी

चालेल, चवही छान येते, फक्त रंग गुलाबीसर होतो. आगळात मीठ असते, म्हणून दीड मोठ्या चमच्याने सुरुवात करा आणि वेगळे मीठ शेवटी, चाखून घाला. चिंचेचा कोळ मात्र जड पडतो.

ऑफिसच्या डब्यात सॅलडला पाणी सुटते. ड्रेसिंग किती दिवस टिकते?
— एक वाचक, शहापूर

पाणी ड्रेसिंगचे नाही, काकडी-टोमॅटोचे आहे. मीठ लागले की ते बाहेर येते. ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळे न्या आणि जेवताना कालवा. काकडीच्या बिया काढल्या तर आणखी बरे. किसलेले गाजर, कोबी, कांद्याची पात यांना आधी कालवले तरी तासभर चालते. मेथी किंवा हक्करकी कच्ची खाण्याची आपल्याकडे सवय आहेच. अशा कडवट पाल्याला पाऊण वाटी पाल्यामागे एक मोठा चमचा ड्रेसिंग पुरते. भाजलेल्या रताळ्यांवर मात्र गरम असतानाच घाला, आत मुरते.

लसूण घातलेले ड्रेसिंग फ्रीजमध्ये ३-४ दिवसच ठेवा. थंडीने ते पुन्हा दाटते. चमचाभर पाणी घालून फेटले की सैल होते. जास्त दिवसांसाठी हवे असेल तर ताहिनी करून ठेवा आणि लिंबू-लसूण रोज ताजे. डबा चारचौघांत वाटून खाणार असाल तर आधी विचारा, तिळाची ॲलर्जी असणाऱ्याला चमचाभरही त्रासदायक ठरू शकते.